लॉकरमधले २३ जॉब

२०१८ च्या पावसाळ्यातलं हे प्रकरण. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तेव्हा एचआरला होते. तीन पाळ्या मिळून अडीचशेच्या आसपास माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त कंत्राटी आणि ट्रेनी. कारखान्याचं नाव सांगत नाही. सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर या पट्ट्यात कुठेही काम केलेल्या माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदललेत. ज्यांच्याविषयी लिहितेय त्यांना सगळा शॉप (मशीन चालतात तो कारखान्याचा भाग) ‘आप्पा’ म्हणायचा, मीही तेच म्हणते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या प्रकरणातला पहिला मेमो मीच टाइप केला होता.

आप्पा तेव्हा चाळिशीच्या अलीकडे पलीकडे. मूळचे कळवण तालुक्यातले, सातपूरच्या आयटीआयमधून टर्नर झालेले, घर सिडकोत उत्तमनगरला. आमच्याकडे सीएनसी टर्निंगवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर, अकरा वर्षं. कागदोपत्री ते ऑपरेटर होते, पण सेटर (मशीन जुळवून देणारा) रजेवर असला की सुपरवायझर त्यांनाच हाक मारत. ट्रेनी पोरं नवा इन्सर्ट (मशीनचं कापणारं पातं) लावला की पहिला जॉब, म्हणजे मशीनवर बनलेला नग, घेऊन त्यांच्याकडे धावत. आप्पा बोअरमध्ये, म्हणजे जॉबच्या भोकात, करंगळी फिरवत, मग गेज (भोकाचं माप तपासायचा दांडा) घालत आणि म्हणत, “अजून दहा मायक्रॉन दे.” मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बहुतेक वेळा तेवढंच लागायचं. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी बोलून दाखवला नव्हता. बोलायची गरजच नव्हती, पोरं धावत येत होती ना.

पंचिंग मशीनच्या वरचे दोन बोर्ड

टाइम ऑफिसच्या भिंतीवर पंचिंग मशीनच्या बरोबर वर दोन बोर्ड होते, एक हिरवा, एक लाल. हिरव्यावर महिन्याचा उत्तम ऑपरेटर. लालवर ज्याच्या हातून कस्टमरकडे खराब माल गेला त्याचा फोटो, ओळखपत्रावरचाच, मोठा करून. खाली जॉब नंबर, नगांची संख्या आणि एक छापील ओळ: ‘माझ्या चुकीमुळे कंपनीचं नुकसान झालं.’

ही ओळ कोणी सुचवली ते आता कोणालाच आठवत नाही. हेतू वाईट नव्हता, लोकांनी क्वालिटीकडे गांभीर्यानं पाहावं एवढंच डोक्यात होतं. पण ती ओळ पहिल्या पुरुषात होती, याकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. वाक्य कंपनीनं लिहिलं आणि माणसाच्या तोंडी घातलं. तो काही बोललाच नव्हता. त्याला विचारलंही नव्हतं.

बोर्डाच्या आजूबाजूला बाकीची भाषा होतीच. “डोकं घरी ठेवून आलास का?” “तू गेलास तर गेटवर उद्या दहा उभे राहतील.” हे दुसरं वाक्य आमच्याकडे इतकं रुळलेलं होतं, की ते शिवी आहे असं बोलणाऱ्याला वाटत नसे. सुपरवायझरला त्याचा वरिष्ठ तसंच बोलायचा, वरिष्ठाला कस्टमरचा इंजिनिअर तसंच बोलायचा.

तक्रार

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कस्टमरकडून मेल आला: तुमच्या बुशमध्ये शाफ्ट जात नाही, लाइन अडली आहे. बुश म्हणजे शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, ज्यात बसतो ती आखूड नळी. तिचा बोअर २२ मिलिमीटर, टॉलरन्स एच-सेव्हन. म्हणजे बोअर २२.००० पेक्षा लहान चालत नाही आणि २२.०२१ पेक्षा मोठा चालत नाही. सगळी मुभा २१ मायक्रॉनची. आपल्या डोक्याचा केस याच्या काही पट जाड असतो. आलेल्या लॉटमधल्या काही जॉबचे बोअर लहान होते. बॅच कार्डावर सही आप्पांची.

अशा तक्रारीनंतर कस्टमरला आठ पायऱ्यांचा अहवाल द्यावा लागतो. शॉपमध्ये त्याला एट-डी म्हणतात. तात्पुरता उपाय काय केला, मूळ कारण काय, कायमचा उपाय काय, असं करत आठव्या पायरीवर टीमच्या कामाची दखल घ्यायची असते. उत्तर चोवीस तासांत हवं होतं. चौथ्या पायरीवर, मूळ कारणाच्या रकान्यात, क्वालिटीनं लिहिलं: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. कायमचा उपाय: ऑपरेटरला समज दिली, प्रशिक्षण दिलं. आठवा रकाना रिकामा. नंतर मी तीन वर्षांचे जुने अहवाल काढून पाहिले, आठवा रकाना एकातही भरलेला नव्हता.

अहवालाला पुरावा जोडायचा म्हणून मेमो लागला. तो मी टाइप केला. सोमवारच्या मीटिंगमध्ये, दोन पाळ्यांच्या देखत, प्रॉडक्शनच्या साहेबांनी तो वाचून दाखवला. आप्पांचा फोटो लाल बोर्डवर लागला आणि नऊ दिवस राहिला.

मेमो देण्याची एक रीत आहे. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यापासून ती चालत आलेली: आरोप लेखी द्यायचा, माणसाला त्याचं म्हणणं मांडू द्यायचं, मग काय ते ठरवायचं. फोटो टांगणं ही शिक्षा त्यात कुठेच बसत नाही. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहून मी गुण मिळवले होते. तरी त्या दिवशी माझ्या मनात आलं ते एवढंच, की अहवाल वेळेत गेला पाहिजे.

नंतरचे सात आठवडे

पहिला बदल आकड्यात दिसला. या जॉबचा सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, ९५ सेकंद, पाळीचं टार्गेट २५०. आप्पा ते सहज करायचे. ऑगस्टमध्ये त्यांचे जॉब २१०, २०५ असे यायला लागले. नियमानं पाच जॉबमागे एक तपासायचा असतो. ते प्रत्येक जॉब तपासत होते, तोही तीनतीनदा. इन्सर्टची धार अर्धीच वापरून बदलत होते, त्यामुळे टूलिंगचा खर्च वाढला. त्यावरून बोलणी बसली. मग कमी उत्पादनाबद्दल दुसरा मेमो. जास्त काळजी घेतल्याचा मेमो आम्ही निष्काळजीपणाच्या मेमोवर चढवला, आणि फाइलमध्ये दोन्ही एकापाठोपाठ लावले.

बाकीचे बदल कोणत्याही रजिस्टरमध्ये आले नाहीत. ट्रेनी पोरं पहिला जॉब घेऊन गेली की आप्पा म्हणायचे, “सेटरला दाखव, मला नको.” डबा कॅन्टीनमध्ये न खाता मशीनमागे खायला लागले. सेटरनं त्यांना एका बदलीच्या जागी उभं राहायला सांगितलं तर म्हणाले, “माझ्याकडून होणार नाही.” अकरा वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

उत्तमनगर, पवननगर, शिवशक्ती चौक या भागात अंबडची निम्मी माणसं राहतात. तुमच्या गल्लीत तुमच्याच कंपनीतली दोन घरं असणारच. कोणीतरी लाल बोर्डचा फोटो मोबाइलवर काढला, तो गल्लीतल्या ग्रुपवर गेला, आणि आप्पांच्या दहावीतल्या मुलानं तो पाहिला. हे आम्हाला फार नंतर कळलं. एचआर म्हणून मी कंपनीच्या गेटपर्यंतचा विचार करत होते. माणसाची लाज मात्र गेटवर पंच आउट होत नाही, ती त्याच्याबरोबर घरी जाते.

लॉकर

सप्टेंबरच्या सुरुवातीला फाइव्ह-एसचं, म्हणजे कामाच्या जागेच्या नीटनेटकेपणाचं, ऑडिट होतं, म्हणून लॉकर तपासले. आप्पांच्या लॉकरमध्ये युनिफॉर्मच्या खाली कॉटन वेस्टमध्ये गुंडाळलेले बुश निघाले. मोजले, २३. सिक्युरिटीनं लगेच ‘कंपनीचा माल लपवला’ म्हणून नोंद केली. प्रॉडक्शनच्या साहेबांना चोरीचा चार्जशीट हवा होता.

ट्रे माझ्या टेबलावर आला तेव्हा मी एक बुश उचलून पाहिला. बाजूला बारीक मार्करनं लिहिलं होतं: तारीख, पाळी आणि ‘शंका’. दुसरा उचलला, तेच. सगळ्या तेवीसवर तारीख होती. जे चोरायचंय त्यावर कोण तारीख टाकतो?

मी आप्पांना बोलावलं. दार लावलं, पाणी दिलं, आणि या दोन महिन्यांत पहिल्यांदा विचारलं, “आप्पा, हे कसं झालं, मला सांगाल का?” तोवर सगळ्यांनी ‘कोणी केलं’ एवढंच विचारलं होतं, मीसुद्धा.

ते बराच वेळ बोटांकडे बघत बसले. मग म्हणाले, “मॅडम, गेज म्हणतं बरोबर आहे. हात म्हणतो नाही. पुढं पाठवला आणि परत आला तर परत फोटो लागणार. रिजेक्शनला टाकला तरी माझ्या नावावरच पडणार. म्हणून बाजूला ठेवत गेलो.” थोडं थांबून, “आता तर हाताचंबी खरं वाटत नाही.”

गेजचं काय, असं विचारल्यावर कळलं, की जूनमध्येच त्यांनी सुपरवायझरला सांगितलं होतं, गो गेज (योग्य बोअरमध्ये जायलाच हवं ते गेज) ढिलं जातंय. उत्तर आलं होतं: “तू इंजिनिअर आहेस का? काम कर.”

मी क्वालिटीच्या साहेबांना विनंती केली, चार्जशीट एक दिवस थांबवू, आधी हे तेवीस जॉब स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे अचूक मोजमापाच्या खोलीत, मोजून घेऊ. सोबत ते गेजही. १९ जॉब टॉलरन्समध्ये निघाले, ४ लहान. गो गेज १२ मायक्रॉन झिजलेलं होतं. त्याच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे गेजचंच माप तपासून घेण्याची, तारीख उलटून दोन महिने झाले होते. जो मुलगा ते रजिस्टर सांभाळायचा तो नोकरी सोडून गेला होता आणि त्याचं काम कोणाकडेच दिलेलं नव्हतं.

ज्यांना मशीन ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं उलगडून सांगते, कारण सगळं प्रकरण इथेच आहे. बोअर कापणाऱ्या इन्सर्टची धार झिजत जाते तसा बोअर लहान होत जातो. ऑपरेटरला ते कळतं कशावरून? गो गेज आत जायला घट्ट होतं त्यावरून. मग तो ऑफसेट देतो, म्हणजे मशीनवरचं माप तेवढं सरकवतो, आणि बोअर परत जागेवर येतो. पण गेजच झिजून बारीक झालं असेल, तर ते लहान बोअरमध्येही सरळ जातं. घट्ट होण्याचा इशाराच मिळत नाही. आप्पांच्या हाताला अकरा वर्षांची सवय होती, गेज किती घट्ट जायला हवं ते त्या हाताला आठवत होतं. कागदावर नसलेली ती तपासणी त्यांनी जूनमध्ये बरोबर केली होती आणि बोलूनही दाखवली होती. आम्ही ऐकली नाही, मग त्याच चुकीवर त्यांचा फोटो लावला.

मला त्या चार लहान जॉबपेक्षा १९ बरोबर जॉबनी जास्त हलवलं. जूनमध्ये ज्या हाताला झिजलेलं गेज कळत होतं, तोच हात सप्टेंबरपर्यंत चांगल्या जॉबला वाईट म्हणायला लागला होता. हाताला दुखापत झाली नव्हती. इतरांनी विश्वास काढून घेतला, मग आप्पांनी स्वतःही काढून घेतला.

हे का होतं

माणूस स्वतःची किंमत एकांतात ठरवत नाही. जॉन पिअर्स, डोनाल्ड गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या आत्मसन्मानाची वेगळी मोजणी मांडली. घरात, देवळात, मित्रांत माणूस स्वतःला कसा दिसतो ते एक आणि नोकरीत कसा दिसतो ते दुसरं, हा त्यातला विचार. त्यातली विधानं अगदी साधी आहेत: इथे मला मोजतात, माझं म्हणणं गांभीर्यानं घेतात, माझ्यावर विश्वास टाकतात. आप्पांना ही तीन विधानं जूनआधी विचारली असती तर तिन्हींना ते हो म्हणाले असते, आणि तो होकार त्यांना रोज कशातून मिळत होता ते पाहा: धावत येणारी ट्रेनी पोरं, सेटर नसताना आलेली हाक. कोणी व्यासपीठावर त्यांची स्तुती केली नव्हती. म्हणूनच नंतर आम्ही बाहेरून वक्ता बोलावून ‘आत्मविश्वास कसा वाढवावा’ असं जे सत्र ठेवलं, त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

दुसरी गोष्ट आमच्याच भिंतीवर होती. मशीनमागे मोठ्या अक्षरात ‘पोका-योके’ रंगवलेलं होतं: जॉब उलटा बसूच नये अशी पिन, भोक राहिलं तर मशीन चालूच होऊ नये असा सेन्सर, अशा उपायांचं हे जपानी नाव. हा विचार शिगेओ शिंगो यांनी रुजवला. त्याचं आधीचं नाव ‘बाका-योके’ होतं, म्हणजे मूर्खापासून बचाव. १९६० च्या दशकात जपानच्या एका कारखान्यात एका कामगार स्त्रीला तो शब्द लागला, मी काय मूर्ख आहे का, असं तिचं म्हणणं, आणि शिंगो यांनी शब्द बदलला. ‘पोका’ म्हणजे नकळत झालेली चूक. यंत्रातली पिन तीच राहिली, बदलला तो माणसाकडे पाहण्याचा शब्द. आम्ही तो बदललेला शब्द भिंतीवर रंगवला आणि पंचिंग मशीनवर जुना अर्थ टांगून ठेवला.

काय बदललं, काय नाही

प्लँट हेडकडे मी एकही सिद्धांत घेऊन गेले नाही. तेवीस बुशांचा ट्रे, झिजलेलं गेज आणि मोजमापाचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. ते स्वतः शॉपवर वाढलेले. एकेक बुश उचलून त्यांनी मार्करच्या तारखा वाचल्या आणि म्हणाले, “हा माणूस दोन महिने आपल्याला पत्र लिहीत होता.”

चार्जशीट निघालं नाही. लाल बोर्ड त्याच आठवड्यात उतरला. हिरवाही उतरवा, असं मी म्हटलं, कारण तो फक्त जॉबच्या संख्येवर ठरायचा. ते मान्य झालं नाही. प्रत्येक लाइनवर एक पिवळा ट्रे ठेवला. ज्या जॉबबद्दल शंका आहे तो त्यात टाकायचा, चिठ्ठीवर शंका लिहायची, आणि क्वालिटीनं त्याच पाळीत लेखी उत्तर द्यायचं. हे शेवटचं कलम मी भांडून घातलं. उत्तर आलं नाही तर तो ट्रे म्हणजे दुसरा लॉकरच.

दोन आठवडे सगळे ट्रे रिकामे होते. पहिला जॉब एका ट्रेनी मुलीनं टाकला. जॉब बरोबर होता, शंका चुकीची. क्वालिटीच्या साहेबांनी स्वतः मशीनवर जाऊन तिला तो का बरोबर आहे ते दाखवलं, आवाज न चढवता. शॉपमधले वीस जण काम करता करता ते बघत होते. त्यानंतर ट्रे भरायला लागले.

मग महिन्याच्या अहवालात रिजेक्शन वाढलेलं दिसलं आणि वरून फोन आला: बोर्ड काढला म्हणून माणसं शेफारली. इथे मात्र मला एका अभ्यासाचा आधार घ्यावा लागला. एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदी मात्र जास्त निघाल्या. त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, बोलून दाखवत होत्या. आमच्याकडे आत सापडणारे खराब जॉब वाढले होते आणि बाहेरून येणाऱ्या तक्रारी घटल्या होत्या. हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडले तेव्हा फोन थांबले.

सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर खोटं होईल. “गेटवर दहा उभे राहतील” हे वाक्य कमी झालं, गेलं नाही. जूनमध्ये ज्यांनी आप्पांना गप्प केलं त्या सुपरवायझरशी कोणी नीट बोललंच नाही. त्यांच्यावर वरून काय दाब होता ते विचारलं गेलं नाही, आणि तेही आतून कडवट होऊन पुढच्या वर्षी सिन्नरला दुसरीकडे गेले.

आणि माफी. प्रॉडक्शनच्या साहेबांनी आप्पांना केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, म्हणाले, “झालं गेलं विसरून जा.” मनापासून म्हणाले, मी तिथे होते. पण अपमान दोन पाळ्यांसमोर आणि माफी बंद दारामागे, हा हिशोब जुळत नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये बोला, असा आग्रह मी धरला. साहेबांना ते जमलं नाही. शेवटी प्लँट हेडनी मीटिंगमध्ये सांगितलं, की जुलैच्या तक्रारीचं मूळ कारण झिजलेलं गेज होतं, ते जूनमध्ये आप्पांनी सांगितलं होतं, कस्टमरला सुधारित अहवाल पाठवलाय. टाळ्या वाजल्या नाहीत, शांतता झाली. आप्पा खाली बघत होते. मागच्या रांगेतून एका ट्रेनीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो मी पाहिला.

पुढे त्यांना गेज रूमची जबाबदारी देऊ केली. त्यांनी नाही म्हटलं, मशीन सोडायचं नाही म्हणाले. नोव्हेंबरपर्यंत जॉब पुन्हा अडीचशेच्या जवळ आले. ट्रेनी पोरांना “सेटरला दाखव” म्हणणं मात्र त्यांनी लवकर सोडलं नाही.

दिवाळीच्या आधी एकदा ते माझ्या टेबलापाशी आले. सुधारित अहवालाची झेरॉक्स मिळेल का, विचारलं. कस्टमरचा कागद बाहेर देता येत नव्हता. कशाला हवाय, असं विचारल्यावर त्यांनी मोबाइलवरच्या त्या फोटोचं आणि मुलाचं सांगितलं. तेव्हा मला हे पहिल्यांदा कळलं. मी म्हटलं, दोन्ही मेमो मागे घेतल्याचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी देते.

“मराठीत द्या मॅडम,” ते म्हणाले, “घरी सगळ्यांना वाचता आलं पाहिजे.”

पत्र प्रिंट करून हातात दिलं. त्यांनी ते उभ्यानंच वाचलं, ओळीखाली करंगळी धरून. ‘तपासणीत गेज झिजलेले आढळले’ या ओळीवर करंगळी थांबली.

“इथं बावीसचं गो गेज लिहा. नुसतं गेज म्हटल्यावर कुठलं ते कसं कळणार?”

मी खुर्ची ओढली आणि पत्र पुन्हा टाइप केलं.